जैविक फिटनेस मोजायचा कसा: प्रश्न ठरवण्यापासून आकडा मांडण्यापर्यंत

जीव किती टिकतो आणि मागे किती संतती ठेवतो, त्यावर त्याचा फिटनेस ठरतो. व्याख्या एवढीच आहे आणि ती बरोबर आहे. अडचण सुरू होते ती मोजायला बसल्यावर. संतती जन्मल्याबरोबर मोजायची की वयात आल्यावर? लवकर पण थोडी पिल्लं देणारा सरस, की उशिरा पण भरपूर देणारा? एका ऋतूत जिंकलेला प्रकार पुढच्या ऋतूत हरला, तर कोणता आकडा धरायचा?

या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. फिटनेस हा एकट्या जीवाचा वजन-उंचीसारखा गुण नाही. दोन प्रकारांमधला, ठराविक परिस्थितीतला, जीवनचक्राच्या एका टप्प्यापासून पुन्हा त्याच टप्प्यापर्यंतचा तो फरक आहे. या तीन अटींपैकी एक जरी सुटली, तरी आकडा मिळतो पण त्याचा अर्थ लागत नाही. पुढच्या पायऱ्या या अटी सांभाळूनच मांडल्या आहेत. गणित शाळेतल्या लॉगॅरिदमच्या पलीकडे जात नाही.

१. आधी तुलना ठरवा

समजा एका किड्याचे क आणि ख असे दोन प्रकार आहेत. फक्त माद्या मोजू. क प्रकारच्या १०० अंड्यांतून ८० माद्या प्रौढ होतात आणि प्रत्येक मादी पुढच्या पिढीत सरासरी ३ मादी-अंडी घालते. ख प्रकारच्या १०० अंड्यांतून ६०च माद्या प्रौढ होतात, पण प्रत्येकी ५ मादी-अंडी घालतात. जगण्याचं प्रमाण आणि प्रजनन यांचा गुणाकार केला, तर क चा फिटनेस ०.८ × ३ = २.४ आणि ख चा ०.६ × ५ = ३.० येतो. हा झाला निरपेक्ष फिटनेस: एका अंड्यामागे पुढच्या पिढीत किती अंडी.

नैसर्गिक निवडीला मात्र निरपेक्ष आकड्याशी देणंघेणं नसतं. दोन्ही प्रकार वाढत असोत वा घटत असोत, कोणाचा वाटा वाढतोय एवढाच प्रश्न असतो. म्हणून एकाला १ मानून दुसऱ्याला त्याने भागायचं: ख = १, क = २.४ ÷ ३.० = ०.८. हा सापेक्ष फिटनेस. १ मधून तो वजा केला की ०.२ उरतात, तो क च्या विरोधातला निवड गुणांक. फक्त जगण्याचे आकडे पाहून थांबलो असतो, तर क सरस ठरला असता. जगणं किंवा प्रजनन यांतला एकच घटक मोजून त्याला फिटनेस म्हणायची सवय फार पसरलेली आहे आणि ती आवर्जून टाळायला हवी. एकच घटक मोजला असेल, तर त्याला त्याच्याच नावाने ओळखावं: जिवंत राहण्याचं प्रमाण, अंड्यांची संख्या, वाढीचा वेग.

२. चक्र पूर्ण करा

अंड्यापासून सुरुवात केली तर अंड्यापाशीच थांबा. प्रौढापासून केली तर पुढच्या पिढीच्या प्रौढापाशी. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, विशेषतः पक्षी आणि सस्तन प्राण्यांच्या अभ्यासात. आईचा फिटनेस म्हणून ‘वयात आलेली पिल्लं’ मोजली जातात आणि त्याच पिल्लांचं जगणं पुन्हा त्यांच्या स्वतःच्या फिटनेसमध्येही धरलं जातं. एकच मृत्यू दोनदा हिशेबात येतो. पिल्लाचं जगणं पिल्लाच्याच जनुकांवर अवलंबून असेल, तर ते श्रेय त्याच्याच खात्यात जायला हवं. पॉप्युलेशन जेनेटिक्सची, म्हणजे समूहातली जनुकांची प्रमाणं कशी बदलतात ते पाहणाऱ्या शास्त्राची, सूत्रं साधारणपणे फलित अंड्यापासून फलित अंड्यापर्यंतचा हिशेब गृहीत धरतात. ती वापरायची असतील तर मोजणीही तशीच हवी.

पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. दोन प्रकार घ्या. दोन्हींची मादी आयुष्यात २ मुलीच देते. एक प्रकार पहिल्या वर्षी, दुसरा दुसऱ्या वर्षी. आयुष्यभराची बेरीज सारखीच. पण पहिला प्रकार दरवर्षी दुप्पट होतो, तर दुसऱ्याला दुप्पट व्हायला दोन वर्षं लागतात, म्हणजे त्याची वार्षिक वाढ २ चं वर्गमूळ, सुमारे १.४१ पट. वाढत्या समूहात हा फरक प्रचंड आहे. चक्रवाढ व्याजात जसं आधी जमा झालेल्या रकमेला जास्त किंमत, तसंच आधी जन्मलेल्या संततीचं.

अशा वेळी जीवनसारणी बनवायची: प्रत्येक वयापर्यंत किती टक्के माद्या जगतात आणि त्या वयात सरासरी किती मुली देतात. त्यातून ऑयलर-लोटका समीकरणाने वाढीचा दर काढता येतो. रोनाल्ड फिशर यांनी १९३० मध्ये या दराला लोकसंख्यावाढीवर लिहिणाऱ्या माल्थसचं नाव देऊन फिटनेसचं माप म्हणून मांडलं. समूहाची संख्या स्थिर असेल, तर आयुष्यभराच्या संततीची बेरीजही चालते. झपाट्याने वाढत किंवा घटत असेल, तर चालत नाही.

३. शक्य असेल तिथे थेट स्पर्धा लावा

जिवाणू, यीस्ट किंवा इतर झटपट वाढणाऱ्या जीवांसाठी माझ्या मते स्पर्धेच्या प्रयोगाला तोड नाही. दोन्ही प्रकार एकाच फ्लास्कमध्ये वाढतात. तापमान थोडं इकडेतिकडे झालं, पोषक माध्यम जरा वेगळं बनलं, तरी त्याचा परिणाम दोघांवर होतो आणि गुणोत्तर काढताना बराचसा कटून जातो.

या पद्धतीचा आदर्श म्हणजे रिचर्ड लेन्स्की यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी सुरू केलेला ई. कोलाय जिवाणूंचा दीर्घकालीन प्रयोग. एकाच पूर्वजापासून सुरू केलेले १२ समूह, मोजकंच ग्लुकोज असलेलं माध्यम आणि रोज १०० पट विरळ करून नव्या फ्लास्कमध्ये बदली. १०० पट विरळ केलेला समूह पुन्हा पूर्वीच्या संख्येला यायला सुमारे ६.६४ वेळा दुप्पट व्हावा लागतो. म्हणून दिवसाला ६.६४ पिढ्या. पूर्वज आणि त्यानंतरचे नमुने गोठवून ठेवलेले असल्यामुळे आजच्या जिवाणूची त्याच्याच खापरपणजोबाशी स्पर्धा लावता येते.

करायचं ते असं. दोन प्रकार ओळखू यावेत म्हणून एक खूण हवी. लेन्स्कींच्या प्रयोगात अरॅबिनोज ही साखर पचवणं किंवा न पचवणं ही खूण आहे: टेट्राझोलियम हा रंग दाखवणारा पदार्थ घातलेल्या पोषक थाळीवर न पचवणाऱ्यांच्या वसाहती (एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके) लाल आणि पचवणाऱ्यांच्या पांढरट गुलाबी दिसतात. आजकाल चमकणारी प्रथिनं वापरून फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रानेही मोजतात. खूण कोणतीही असो, तिचा स्वतःचा फिटनेसवर परिणाम होत नाही हे आधी तपासा. त्यासाठी खूण सोडून सगळं सारखं असलेल्या दोन वाणांची आपसात स्पर्धा लावायची. निकाल बरोबरीचा आला पाहिजे. शिवाय खुणांची अदलाबदल करून मुख्य प्रयोगही पुन्हा करायचा.

गोठवलेले नमुने काढून लगेच स्पर्धेला सोडू नका. दोन्ही प्रकारांना स्पर्धेच्याच माध्यमात, पण वेगवेगळं, एक पूर्ण चक्र वाढू द्या. नाहीतर गोठण्यातून सावरायला कोणाला किती वेळ लागतो तेच मोजलं जाईल.

मग दोन्ही साधारण निम्मे-निम्मे मिसळा, लगेच नमुना घेऊन थाळीवर पसरा, आणि चक्र संपल्यावर पुन्हा नमुना घ्या. उदाहरणाचे आकडे घेऊ. सुरुवातीला प्रत्येक मिलिलिटरमध्ये क च्या ५ लाख आणि ख च्या ५ लाख पेशी. एका दिवसानंतर क च्या ६ कोटी, ख च्या ४ कोटी. म्हणजे क १२० पट झाला, ख ८० पट. यांचे नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या: ४.७८७ आणि ४.३८२. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की १.०९२. एकाच काळातल्या वाढीच्या दरांचं हे गुणोत्तर. या अर्थाने क चा सापेक्ष फिटनेस १.०९.

आता तोच निकाल दुसऱ्या वाटेने काढू. क आणि ख यांचं गुणोत्तर १ होतं, ते १.५ झालं. १.५ चा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.४०५. हा झाला दिवसाचा निवड गुणांक. ६.६४ पिढ्यांनी भागला तर पिढीमागे ०.०६१. प्रयोग एकच, आकडे मात्र तीन: ९ टक्के, ४० टक्के, ६ टक्के. तिन्ही बरोबर आहेत, कारण एकके वेगळी आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातला फरक प्रामुख्याने २ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमचा, म्हणजे ०.६९३ चा आहे: वाढीच्या दरांचं गुणोत्तर एका दुपटीच्या हिशेबात बोलतं, तर पॉप्युलेशन जेनेटिक्सची सूत्रं पिढीमागचा लॉगॅरिदमातला बदल मागतात. एका अभ्यासातला ९ टक्के आणि दुसऱ्यातला ६ टक्के शेजारी ठेवून ‘पहिलं म्युटेशन जास्त फायद्याचं’ म्हणण्याआधी दोन्हींचं एकक पाहिलंच पाहिजे.

४. आकड्याबरोबर त्याची अनिश्चितताही काढा

आपण पेशी मोजत नाही, थाळीवरच्या वसाहती मोजतो, आणि त्या शेकड्यांत असतात. समजा सुरुवातीच्या थाळ्यांवर क च्या २५० आणि ख च्या २५० वसाहती दिसल्या, शेवटी ३०० आणि २००. मोजणीतला योगायोग पॉयसाँ वितरणाप्रमाणे (स्वतंत्र घटनांच्या मोजणीचा नेहमीचा नियम) चालतो असं धरलं, तर गुणोत्तराच्या लॉगॅरिदमचं प्रचरण (व्हेरियन्स, आकडा किती विखुरतो त्याचं माप) म्हणजे चारही आकड्यांच्या व्यस्तांची बेरीज: १/२५० + १/२५० + १/३०० + १/२००, सुमारे ०.०१६३. वर्गमूळ घेतलं की प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) ०.१२८. ती ६.६४ ने भागून पिढीमागे ०.०१९. म्हणजे आपला ०.०६१ हा आकडा ९५ टक्के खात्रीने ०.०२३ ते ०.०९९ या पट्ट्यात कुठेही असू शकतो. एक हजार वसाहती मोजूनही एवढी ढिलाई!

यावर उपाय म्हणजे स्पर्धा लांबवणं. तीन दिवस चालवली तर पिढ्या जवळजवळ २० होतात आणि गुणोत्तर ३.३७ पर्यंत जातं. शेवटी एकूण ५०० वसाहती मोजल्या तर साधारण ३८६ आणि ११४ अशी विभागणी होईल. प्रमाण त्रुटी किंचित वाढून ०.१३९ होते, पण भागायला आता ६.६४ ऐवजी २० आहेत. पिढीमागची त्रुटी ०.००७ वर येते. त्याच मेहनतीत जवळपास तिप्पट अचूकता.

पण लांबवायलाही मर्यादा आहे. हरणारा प्रकार इतका विरळ होतो की थाळीवर त्याच्या चार-पाचच वसाहती उरतात आणि अनिश्चितता पुन्हा फुगते. शिवाय पेशी कोट्यवधी असतात. बऱ्याच पिढ्या गेल्या की दोघांपैकी एकात नवं फायदेशीर म्युटेशन उगवून तेच वर येऊ लागतं. मग मोजतोय काय, हेच बदलून जातं. म्हणून शक्य असेल तर मधले नमुनेही घ्या आणि गुणोत्तराचा लॉगॅरिदम पिढ्यांसमोर आलेखावर मांडा. सरळ रेषा आली तर तिचा उतार म्हणजेच निवड गुणांक. रेषा वाकली तर ती काहीतरी सांगतेय. फक्त सुरुवात आणि शेवट मोजणाऱ्याला हा वाक कधीच दिसत नाही.

वरची त्रुटी फक्त मोजणीतली आहे. फ्लास्क-फ्लास्कमधला फरक तिच्यात येत नाही, म्हणून वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये पुनरावृत्ती हवीच. एकाच फ्लास्कमधून दहा थाळ्या पसरणं म्हणजे दहा पुनरावृत्त्या नव्हेत.

५. प्रमाण बदलून पाहा, प्रतिस्पर्धी बदलून पाहा

निम्मे-निम्मे सुरू करून मिळालेला फिटनेस दहाला नव्वद या प्रमाणातही तोच राहील याची हमी नाही. एखादा प्रकार दुसऱ्याने टाकलेल्या पदार्थावर जगत असेल, तर तो विरळ असताना चांगला वाढतो आणि बहुसंख्य झाला की अडखळतो. लेन्स्कींच्या बारांपैकी एका समूहात असेच दोन वंश हजारो पिढ्या सोबत टिकले आहेत. निम्म्या-निम्म्या प्रमाणातला एकच आकडा पाहून कोणी ‘हा हरणार’ असं भाकीत केलं असतं, तर ते साफ चुकलं असतं. म्हणून १०, ५० आणि ९० टक्के अशा तीन सुरुवाती तरी घ्याव्यात.

प्रतिस्पर्ध्याचंही तसंच. क ने ख ला हरवलं आणि ख ने ग ला हरवलं, म्हणून क ग ला हरवेलच असं नाही. पाकँ आणि ॲडम्स यांनी १९८३ मध्ये यीस्टमध्ये हे दाखवून दिलं: प्रत्येक नवा विजेता आपल्या लगतच्या आधीच्याला हरवत होता, पण खूप जुन्यासमोर हरू शकत होता. सगळ्या वाणांना एकाच सामाईक प्रतिस्पर्ध्याशी भिडवणं सोयीचं असलं, तरी महत्त्वाचा निष्कर्ष काढण्याआधी त्या दोघांची समोरासमोर स्पर्धा एकदा तरी लावाच.

६. वाढीचा आलेख: सोपा, पण अपुरा

प्रत्येक प्रकार वेगळा वाढवून, माध्यम किती गढूळ झालं हे ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजणारी यंत्रं आता सर्वत्र आहेत. त्यातून वाढीचा कमाल दर मिळतो. कोऱ्या माध्यमाचं वाचन आधी वजा करा, आणि गढूळपणा जास्त झाला की वाचन पेशींच्या संख्येच्या प्रमाणात राहत नाही हे ध्यानात ठेवा. एवढं करूनही हाती आला तो एक घटकच. वाढ सुरू व्हायला लागणारा वेळ, अन्न संपत आल्यावरची वागणूक, उपाशी राहण्याची ताकद, हे सगळं स्पर्धेत निर्णायक ठरतं आणि कमाल दरात यातलं काहीच दिसत नाही. शेकडो वाणांची पहिली चाळणी म्हणून ही पद्धत उत्तम. शेवटचा शब्द म्हणून नाही.

७. हजारो वाण एकदम: बारकोड

प्रत्येक वंशाच्या डीएनएत एक छोटा वेगळा क्रम घालून ठेवला, तर सगळ्यांना एकाच फ्लास्कमध्ये सोडून फक्त ते क्रम वाचत राहायचं. २०१५ मध्ये यीस्टवर असं सुमारे पाच लाख वंशांचं काम प्रसिद्ध झालं. गणित तिसऱ्या पायरीतलंच, प्रत्येक बारकोडच्या प्रमाणाचा लॉगॅरिदम आणि त्याचा उतार. पण दोन गोष्टी सांभाळायच्या. वाचलेल्या क्रमांची संख्या म्हणजे पेशींची संख्या नव्हे: डीएनए काढताना आणि पीसीआरने त्याच्या प्रती वाढवताना प्रमाणं हलतात, म्हणून अनिश्चितता नुसत्या वाचनसंख्येवरून काढली तर ती खोटी लहान दिसते. दुसरं म्हणजे समूहाचा सरासरी फिटनेस स्वतःच वाढत जातो. चांगले वंश वर आले की मधल्या वंशाची रेषा आधी चढते आणि मग उतरते. तो वंश बिघडलेला नसतो, आजूबाजूचे सरस झालेले असतात. हिशेबात बदलती सरासरी घेतलीच पाहिजे.

८. निसर्गात मोजताना

इथे फ्लास्क नसतो, आणि जीव आपल्या सोयीने सापडतही नाहीत. तरीही वाटा आहेत.

खूण करून सोडणं आणि पुन्हा पकडणं ही त्यांतली जुनी. बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळीने काळवंडलेल्या रानात पेपर्ड मॉथ पतंगाचे ४४७ काळे आणि १३७ फिके नर सोडले, १२३ काळे (२७.५ टक्के) आणि १८ फिके (१३.१ टक्के) परत सापडले. भागाकार केला तर फिक्यांचा सापेक्ष टिकाव ०.४८. १९५५ मध्ये डॉर्सेटच्या स्वच्छ रानात पारडं उलटलं: ४७३ काळ्यांपैकी ३० आणि ४९६ फिक्यांपैकी ६२ मिळाले, म्हणजे काळ्यांचा टिकाव फिक्यांच्या जवळपास निम्मा.

बर्मिंगहॅमच्या आकड्याची अनिश्चितता काढून पाहण्यासारखी आहे. फिके फक्त १८ सापडले असल्याने ०.४८ चा ९५ टक्क्यांचा पट्टा सुमारे ०.३० ते ०.७५ इतका रुंद येतो. फिके मागे पडत होते हे पक्कं. किती, हे मात्र सैल. आणि परत सापडण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: जिवंत राहणं आणि सापळ्यात येणं. काळे पतंग सापळ्याकडे जास्त ओढले जात असते, तरी असेच आकडे आले असते. दोन विरुद्ध परिस्थितींत उलटा निकाल मिळणं हे म्हणूनच फार मोलाचं, कारण सापळ्याची ओढ रान बदलल्याने उलटी होण्याचं काही कारण नाही.

पतंग दिवसा खोडावर ठेवणं, एका जागी फार दाटी होणं, असे आक्षेप केटलवेल यांच्या पद्धतीवर आले. त्यांना उत्तर म्हणून मायकेल मेजेरस यांनी केंब्रिजमध्ये २००१ ते २००७ या काळात ४,८६४ पतंग सोडले. पतंगांना रात्री स्वतःची जागा निवडू दिली आणि कमी दाटी ठेवली. हवा स्वच्छ झालेल्या त्या काळात काळ्यांच्या विरोधातला दिवसाचा निवड गुणांक साधारण ०.१ निघाला. ‘दिवसाचा’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे: पतंग प्रौढ म्हणून किती दिवस जगतो त्याप्रमाणे पिढीचा आकडा वेगळा येईल, आणि अळीच्या आयुष्याबद्दल या प्रयोगाने काहीच सांगितलेलं नाही.

दुसरी वाट म्हणजे संतुलनावरून मागे जाणं. सिकलसेल या रक्तविकाराचा अलील (जनुकाचं एक रूप) मलेरियाग्रस्त भागांत टिकून आहे, कारण त्याची एकच प्रत असलेल्यांना मलेरियापासून संरक्षण मिळतं. हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलं. एकच प्रत असलेल्यांचा फिटनेस १ धरा. समजा अलीलचं प्रमाण १० टक्क्यांवर स्थिरावलं आहे आणि उपचारांअभावी दोन प्रती असलेल्यांचा फिटनेस शून्य आहे. संतुलनाच्या सूत्रातून एकही प्रत नसलेल्यांच्या विरोधातला गुणांक ०.१ ÷ ०.९ = ०.११ येतो. दोन प्रती असलेल्यांचा फिटनेस शून्याऐवजी ०.२ धरला, तर तोच गुणांक ०.०८९ होतो. एक गृहीतक बदललं की उत्तर हलतं. आणि समूह खरोखर संतुलनात पोहोचला आहे, हे सगळ्यात मोठं गृहीतक तर तसंच राहतं.

तिसऱ्या वाटेवर एक खोल खड्डा आहे. प्रौढांचे जीनोटाइप (दोन प्रतींत कोणते अलील आहेत ती जोडी) मोजायचे, हार्डी-वाइनबर्गच्या, म्हणजे निवड नसताना अलीलच्या प्रमाणांवरून अपेक्षित असलेल्या, प्रमाणांशी ताडायचे आणि जुळले की ‘निवड नाही’ असं म्हणायचं, ही ती वाट. करून पाहा: तीन जीनोटाइपची (पहिल्या अलीलच्या दोन प्रती, दोन्हींची एकेक, दुसऱ्याच्या दोन) १,०००, २,००० आणि १,००० फलित अंडी, टिकाव अनुक्रमे १, ०.९ आणि ०.८१. प्रौढ उरतात १,०००, १,८०० आणि ८१०. पहिल्या अलीलचं प्रमाण ५० वरून ५२.६ टक्क्यांवर गेलं; एका पिढीत, म्हणजे निवड बरीच तीव्र आहे. आता या ५२.६ टक्क्यांवरून हार्डी-वाइनबर्गची अपेक्षा काढा: १,०००, १,८००, ८१०. तंतोतंत जुळतं. मधल्या जीनोटाइपच्या फिटनेसचा वर्ग दोन टोकांच्या गुणाकाराइतका असला की निवड कितीही तीव्र असो, ही चाचणी आंधळी असते. आधीची आणि नंतरची, अशा दोन्ही वेळची मोजणी हवी.

ज्या प्राण्यांची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवली आहे, तिथे आयुष्यभराची संतती डीएनएवरून पितृत्व ठरवून मोजता येते. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा द्वीपसमूहातल्या सोए मेंढ्यांचं उदाहरण मला या सगळ्यात श्रेष्ठ वाटतं. शिंगांचा आकार बऱ्याच अंशी एका जनुकावर ठरतो. मोठ्या शिंगांचा अलील दोन प्रतींत असलेल्या नरांना पिल्लं जास्त होतात. लहान शिंगांचा अलील दोन प्रतींत असलेले नर हिवाळा जास्त चांगला काढतात. आणि प्रत्येकी एक प्रत असलेल्यांना दोन्हीकडचा लाभ मिळतो. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. फक्त माजाच्या हंगामात मोजणाऱ्याला मोठी शिंगं जिंकताना दिसली असती, फक्त हिवाळ्यात मोजणाऱ्याला लहान. दोन्ही अलील समूहात का टिकले, हे पूर्ण चक्र मोजल्यावरच उमगलं.

जनुक माहीत नसेल आणि चोच किंवा वजन यांसारखा गुण हाती असेल, तर सापेक्ष फिटनेस आणि गुण यांच्यातला उतार काढतात. लँड आणि अर्नॉल्ड यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत अनेक गुण एकदम घेते, त्यामुळे एकमेकांशी बांधलेल्या गुणांपैकी निवड थेट कोणावर आहे ते वेगळं करता येतं. मात्र महत्त्वाचा गुण मोजायचाच राहिला, तर श्रेय चुकीच्या गुणाला जातं.

९. बदलत्या परिस्थितीत गुणाकाराची सरासरी घ्या

क चा फिटनेस एका वर्षी १.५ आणि पुढच्या वर्षी ०.५, ख चा दरवर्षी ०.९५. साध्या सरासरीने क चा १.० येतो आणि तो सरस वाटतो. पण पिढ्या गुणाकाराने पुढे जातात: १.५ × ०.५ = ०.७५, त्याचं वर्गमूळ ०.८७. ख चा वाटा वाढेल, क मागे पडेल. म्हणून अनेक वर्षांचे आकडे एकत्र करताना त्यांचे लॉगॅरिदम घेऊन सरासरी काढायची. एकाच चांगल्या वर्षाच्या मोजणीवर विसंबून काढलेला निष्कर्ष या कारणाने उलटू शकतो.

१०. ड्रिफ्टचा आवाज आणि मोजमापाची तळरेषा

लहान समूहात प्रमाणं योगायोगानेही हलतात. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. प्रभावी संख्या (ढोबळपणे, प्रजननात खरोखर वाटा असलेल्यांची संख्या) १०० असलेल्या द्विगुणित, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती बाळगणाऱ्या, समूहात ५० टक्क्यांवरचा अलील एका पिढीत निव्वळ योगायोगाने साधारण ३.५ टक्क्यांनी इकडेतिकडे होतो. ०.०२ इतका निवड गुणांक त्याला अर्धा टक्काच हलवतो. एकाच समूहाची दोन-तीन पिढ्यांची नोंद पाहून अशी निवड कधीच ओळखता येणार नाही. अनेक समांतर समूह किंवा खूप लांब काळाची नोंद लागते.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. काळजीपूर्वक केलेला स्पर्धेचा प्रयोग पिढीमागे हजारात एक इतका फरक पकडू शकतो. पण प्रभावी संख्या १० लाख असलेल्या समूहात २० लाखांत एक इतक्या फरकापासून निवड योगायोगाला भारी पडू लागते. प्रयोगशाळेत ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘आमच्या मोजपट्टीपेक्षा लहान फरक’ एवढाच आहे. त्या अलीलला तटस्थ ठरवायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

११. आकडा लिहिताना

‘फिटनेस १.०९’ एवढंच लिहिलेलं कोणालाही वापरता येत नाही. सोबत हे हवं: प्रतिस्पर्धी कोण होता, खूण कोणती आणि तिची तटस्थता कशी तपासली, माध्यम आणि तापमान, सुरुवातीचं प्रमाण, किती पिढ्या आणि पिढी कशी मोजली, वाढीच्या दरांचं गुणोत्तर आहे की पिढीमागचा निवड गुणांक की दिवसाचा, किती स्वतंत्र पुनरावृत्त्या आणि ९५ टक्क्यांचा पट्टा केवढा. रानातल्या कामात जीवनचक्राचा कोणता भाग मोजला आणि कोणता सुटला, हे पहिल्याच परिच्छेदात सांगावं. मूळ मोजणीचे आकडे, म्हणजे वसाहतींची किंवा सापडलेल्या जीवांची संख्या, सारणीत जशीच्या तशी द्यावी. केटलवेल यांनी सोडलेल्या आणि परत मिळालेल्या पतंगांचे आकडे छापले, म्हणूनच सत्तर वर्षांनंतर ०.४८ च्या भोवतीचा ०.३० ते ०.७५ हा पट्टा कोणालाही काढता येतो.